सत्तावीस नंबरचा बाप

सकाळी सहा चाळीसला आमच्या घरात मिक्सर लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही, मोठ्यानं खोकायचं नाही. का, तर त्या वेळी माशांची भेट असते.

थट्टा करत नाही मी. हॉलमध्ये जिथं आधी दिवाण होता, तिथं आता चार फुटी काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. आणि हे सांगलीत. समुद्र कुठं, आम्ही कुठं, मधे अख्खा सह्याद्री आडवा. रोज उजाडलं की टाकीतला नर एका कोपऱ्यातून निघतो, मादी दुसऱ्या कोपऱ्यातून, आणि मधल्या दगडापाशी दोघं शेजारी येऊन एकदम वर चढतात, एकदम खाली येतात. दहा मिनिटं हे चालतं. मग दिवसभर तू कोण आणि मी कोण. माझा धाकटा भाऊ श्रेणिक समोर स्टुलावर बसून श्वास रोखून बघत असतो. एवढ्या भक्तीनं तो बस्तीत देवासमोर कधी उभा राहिलेला मी पाहिला नाही.

मी त्रिशला मगदूम. वय एकसष्ट. कुरुंदवाडला तीस वर्षं शिवणक्लास चालवला. मशीन विकलं, पण पाय काही थांबला नाही. बसले की उजवा पाय पायट्यावर असल्यासारखा हलत राहतो. गेल्या वर्षी, दोन हजार चव्वेचाळीस साली, मी श्रेणिकला माझी एक किडनी दिली आणि महिनाभर त्याच्याकडे राहायला आले. त्याला चौदा महिने झाले. माझी किडनी इथं, तर मी तिकडे जाऊन काय करू, असं मी लोकांना सांगायची. त्याची बायको स्नेहल हे ऐकून गालात हसायची. बोलायची मात्र काही नाही, गुणाची आहे.

आता किडनी मी दिली आणि मासे कशाला, तर ते सांगते. मला समजलं तेवढंच सांगते.

आपलं अंग परकी वस्तू ठेवून घेत नाही. काटा रुतला तर पू करून बाहेर टाकतं, तशीच दुसऱ्याची किडनीही टाकायला बघतं. म्हणून पूर्वी जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत. त्या गोळ्या अंगाची सगळी राखणच बंद पाडायच्या. श्रेणिकला त्या सोसल्या नाहीत. सहा महिन्यांत तीनदा छातीत पाणी झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले. मग किनाऱ्यावरच्या पैदास केंद्रातून डॉ. कुबल आल्या. हातात पाण्यानं फुगवलेल्या पिशव्या आणि पिशवीत विणायच्या सुईएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. इंग्रजीत पाइपफिश. आम्ही नळीमासा म्हणतो. समुद्री घोड्याचा भाऊबंद, पण सरळ ताणलेला.

"या माशात पोटुशी राहतो तो बाप," कुबलबाई म्हणाल्या. "मादी अंडी त्याच्या पोटाखालच्या घडीत ठेवते आणि मोकळी होते. पिल्लं तीन आठवडे बाप सांभाळतो. त्या पिल्लांत निम्मं आईचं असतं, म्हणजे बापाच्या अंगाला परकं. तरी त्याचं अंग त्यांना टाकून देत नाही. तेवढ्यापुरती राखण तो उतरवून ठेवतो, बाकीची तशीच राहते. ही युक्ती त्या घडीतल्या रसात आहे. तो रस माणसाला दिला तर माणसाचं अंगही तेवढ्याच अवयवापुरतं गप्प बसतं."

"मग कारखान्यात करा की तो रस," मी म्हटलं.

"करून बघितला. जमत नाही. आणि खरा रस घडीबाहेर दोन तासांत बिघडतो. म्हणून ज्याचं औषध त्याच्या घरी."

समुद्रातले धरून आणलेले मासे चालत नाहीत. ते रोग घेऊन येतात आणि हललं नाही ते खात नाहीत, आठवड्यात मरतात. हे केंद्रातच जन्मलेले, अकरा पिढ्या टाकीत काढलेले, गोठवलेली कोळंबीची पिल्लं खायला शिकलेले. प्रत्येकाला नंबर. नर सत्तावीस, मादी चौदा आणि एक जादा नर एकतीस. दर आठ दिवसांनी श्रेणिक सत्तावीसला काचेच्या नळीत घ्यायचा, बारीक बोळा त्याच्या पोटाच्या घडीवरून फिरवायचा, मासा परत पाण्यात आणि तो थेंब नाकातल्या फवाऱ्यात. घडीत अंडी आहेत तोवर रस. अंडी गेली की घडी मिटली, रस बंद, मग एकतीसची पाळी. लागोपाठ दोन थेंब चुकले तर किडनी जाणार, हे कुबलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

स्नेहल सत्तावीसला जावईबापू म्हणायची. "वन्सं, जावईबापूंचं खाणं झालं का बघा हं." बरोबरच होतं. रुसायचा तसाच.

पण माझं काय झालं होतं ते ऐका. आम्ही जैन. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायचं नाही हे मला आईनं बोलायला यायच्या आधी शिकवलं. पाण्यात न दिसणारे जीव असतात. गाळून झालं की फडकं उलटं करून, वर राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात अलगद सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. अजून मी नळाचं पाणी गाळते आणि जिवाणी बादलीत सोडते. लोक हसतात, हसू देत. अशा घरात बाल्कनीत कोळंबीचा फ्रीज आला. शिवाय टाकीच्या मागच्या कप्प्यात शेवाळ, आणि त्या शेवाळात ठिपक्याएवढे किडे मुद्दाम वाढवलेले, हजारोंनी. या माशाला जठर नाही. खाल्लेलं लगेच पुढं सरकतं, म्हणून त्याला दिवसभर काहीतरी टिपायला लागतं, आणि अंडी अंगावर असली तर जास्तच. मी तोंड उघडलं तेव्हा श्रेणिक एवढंच म्हणाला, "मग मरू काय मी, अक्का?" माझ्या किडनीसाठी एवढं पाप मी पदरात घेतलं.

आणि एवढं करून मला टाकीला हात लावायची बंदी. "अक्का, तू बस की जरा." दिवसातनं वीसदा. खाणं श्रेणिक घालणार, काच स्नेहल पुसणार, मोजमाप टाकीचं यंत्र करणार. किडनी दिली ती मी, आणि सकाळी उठून हात जोडायचे ते सत्तावीसला. मला त्या माशाचा मत्सर वाटायचा. आता सांगायला काय लाजू, वाटायचा.

टाकीतलं पाणी रोज दोनेक लिटर उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. त्यासाठी टाकीशेजारी पांढरा कॅन, त्यातनं पंप आपोआप पाणी ओढतो. कॅन स्नेहल भरायची, शुद्धीकरणाच्या मशीनच्या पाण्यानं. ते मशीन दोन बादल्या मोरीत घालवून एक बादली देतं. मी ते पाणी एकदा चाखलं. काही चव नाही, काही नाही. मेलेलं पाणी. म्हटलं, हे त्या पोटुशा जिवाला?

श्रावण संपता संपता एका दुपारी कॅन रिकामा दिसला. स्नेहल कॉलेजात शिकवायला, श्रेणिक दुकानात. मी माझ्या हंड्यातलं पाणी ओतलं. गाळलेलं, रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं, आमच्या आईचा हंडा. पर्युषण पर्व जवळ आलं म्हणून रोज चिंच लावून लख्ख घासत होते. दुसऱ्या दिवशी स्नेहलनं भरलेला कॅन मी कुंड्यांना घातला आणि परत हंड्यातलं पाणी भरलं. मग रोजच. तीन आठवडे. कुणाला सांगितलं नाही. पंप सुरू झाला की मला बरं वाटायचं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या टाकीत माझं काहीतरी जात होतं.

पर्युषणाच्या सातव्या दिवशी यंत्रानं अंडी मोजली. एकशे बारा होती, शहाण्णव झाली. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर.

"अंडी पडलीत काय?" मी विचारलं.

"पडली नाहीत," श्रेणिक म्हणाला. "त्यानंच जिरवली. उपाशी पडला की बाप पोटातली अंडी अंगात जिरवतो."

"उपाशी कसा? तू खायला घालतोयस की."

"काचेवर बघ. ठिपके कुठायत?"

खरंच नव्हते. पूर्वी काचेवर रवा सांडल्यासारखे दिसायचे. आता काच स्वच्छ. मला तर ती स्वच्छ काच चांगलीच वाटली होती आठ दिवस.

कुबलबाईंचा व्हिडिओवर प्रश्नांचा मारा सुरू झाला. अगरबत्ती लावली? डासांचं औषध मारलं? रंग दिला? पाणी कुठलं घालता? स्नेहल म्हणाली, मशीनचं. मी शेजारीच उभी. मला वाटलं, माझं पाणी मशीनच्या पाण्यापेक्षा शुद्ध, ते वेगळं काय सांगायचं. देवाशपथ सांगते, त्या वेळी मला शंकासुद्धा आली नाही. घरातल्या यंत्राला सगळंच मोजता येत नाही, म्हणून पाण्याची बाटली गाडीनं किनाऱ्याला गेली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. पाण्यात तांबं आहे. माशाला त्रास होईल, आणि त्या बारीक किड्यांना तर कणभर तांबंही विष. कॅनमध्ये की टाकीत, कुठून आलं ते आधी शोधा, नाहीतर बदललेलं पाणीही बिघडेल.

श्रेणिकनं फोन ठेवला आणि स्वतःचे हात बघत बसला. त्याचं दुकान मोटारी रिवाइंडिंगचं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी येतात, हा जुनी तार काढून नवी भरतो. तांब्याची तार. तीस वर्षं बोटांच्या रेघांत तांबं बसलेलं.

"माझ्याच हातानं झालं," तो म्हणाला. "हेच हात रोज टाकीत घालतोय मी."

"धुता की तुम्ही," स्नेहल म्हणाली.

"निघतंय काय ते? बघ."

तो मोरीत जाऊन हात घासायला लागला. काथ्यानं. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसले होते. ओट्यावर हंडा होता, आतून सोन्यासारखा चमकणारा. मी त्याच्यावर हात ठेवला आणि तांबं कुठून आलं ते मला कळलं. हलणारा पाय तेवढा एकदा थांबला.

मी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझा उपवास होता, अंगात त्राण नव्हतं, असली कारणं आहेत, पण ती खरी नाहीत. मला भीती वाटली. किडनी देणारी बहीण म्हणून मी त्या घरात राहत होते, आणि हे सांगितलं की मी कोण उरणार, ही भीती. मी हंड्याला कापड बांधलं, माळ्यावर सारला आणि कॅनमध्ये गुपचूप मशीनचं पाणी भरलं. संध्याकाळी श्रेणिक फोनवर कुणाला तरी सांगत होता, "होय, दुकान द्यायचंय. वाइंडिंग मशीनसकट. उद्या अकराला या."

दुसरा दिवस क्षमावाणीचा. पर्व संपलं की आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. कळत नकळत काही दुखावलं असेल तर, असं म्हणायचं आणि हात जोडायचे. सकाळपासून फोन वाजतात, ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नाही त्यांचेसुद्धा. मीही सगळ्यांना म्हणते. एकसष्ट वर्षांत किती जणांना म्हटलं असेल, आणि एकदाही नक्की कशाची क्षमा ते सांगितलेलं नाही.

सहा चाळीसला मी हॉलमध्ये आले. चौदा नंबर मधल्या दगडापाशी येऊन वर चढली, खाली आली, एकटीच. सत्तावीस कोपऱ्यात शेवाळाला धरून पडला होता, रंग उडालेला. यंत्रावर आकडा अठ्ठेचाळीस. जादा नर एकतीस नुकताच पिल्लं सोडून रिकामा झालेला, त्याचा काही उपयोग नाही. थेंब घ्यायला चार दिवस होते. श्रेणिक स्टुलावरून उठला, टाकीसमोर उभा राहिला आणि सोलवटलेले हात जोडून त्या माशाला म्हणाला, "चुकलं माझं बाबा. क्षमा कर."

"तुझं नाही चुकलं, श्रेण्या," मी म्हटलं. "मी घातलं तांबं."

त्यानं वळून बघितलं. मी सगळं सांगितलं. कॅन, कुंड्या, हंडा, चिंच, तीन आठवडे. काल कळलं होतं आणि तरी हंडा लपवला, तेही सांगितलं. स्नेहल दारात उभी राहून ऐकत होती.

मला वाटलं तो ओरडेल. तो अगदी हळू बोलला.

"का पण?"

"मला काहीतरी करायचं होतं रे."

"किडनी दिलीस की. त्याच्याहून आणि काय करायचं असतं?" तो म्हणाला. "तुझं ते देणं कधी संपतच नाही, अक्का. मी काय खाल्लं, कधी झोपलो, किती पाणी प्यालो, सगळं तू बघणार, कारण तुझी किडनी. किडनी दिलीस म्हणजे माझ्या आत राहायला आलीस काय?"

स्नेहल म्हणाली, "अहो," आणि थांबली. मी बसायला म्हणून दिवाणासाठी हात मागं केला, तर तिथं दिवाण कुठला, टाकीच.

फोन कुबलबाईंनाच लावावा लागला आणि तो मी लावला. त्यांनी मला दोन वाक्यं सुनावली, ती माझ्यापाशीच राहू देत. मग कामाला लागल्या. पाणी बदलायला साठ लिटर खारं पाणी पिंपात तयार असतंच, त्यात मासे लगेच हलवा. पण सत्तावीस घाबरलेला आहे, अशा वेळी गोठवलेलं खाणार नाही, हलणारंच टिपेल. इथून किडे पाठवले तरी गाडी परवा पोचेल. तोवर तो उरलेली अंडी जिरवून टाकेल.

"मागच्या कप्प्यात काही जिवंत असतील," त्या म्हणाल्या. "तिथं पाणी संथ असतं. पण त्या पाण्यासकट ते पिंपात टाकू नका, त्याच्यातही तांबं आहे. बारीक जाळी लागेल आणि किडा चिरडला नाही पाहिजे. आहे का जाळी?"

"नाही," श्रेणिक म्हणाला.

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

माझं गाळायचं फडकं मी आतून आणलं. नवं, दुहेरी, मीच टीप घातलेलं. कुठल्या कापडातून काय जातं आणि काय अडतं हे मला कुणी शिकवायला नको. पातेल्यावर फडकं ताणलं, वाटीनं मागच्या कप्प्यातलं पाणी घेतलं आणि धारेनं नाही, कडेकडेनं सोडलं. फडक्यावर मातकट ठिपके राहिले. बहुतेक मेलेले. डोळ्याजवळ नेलं तर त्यात दोन हलत होते. फडकं उलटं केलं आणि पिंपातल्या पाण्यावर धरून वरून वाटीभर स्वच्छ खारं पाणी सोडलं. दोन जीव पिंपात गेले.

मग दुसरी वाटी.

सात वाजता बसले ते अकरा वाजून गेले. दुकान बघायला आलेल्या माणसाला श्रेणिकनं खालूनच परत पाठवलं, हे मला नंतर कळलं. स्नेहल पातेली बदलत होती. मेलेल्यांची पांढरी भुकटी मोरीत ओतवेना, म्हणून एका ताटात ठेवली होती. जन्मभर पाणी गाळलं ते एकही मरू नये म्हणून, आणि ताटभर मारले. ज्यांना मारले त्यांचीच क्षमा मागायची होती खरी, ती मी फडकं धरल्या हातांनी मनात मागितली. रडू येत होतं. पण डोळ्यातलं पाणी फडक्यावर पडलं तर तेही खारंच की, असं स्नेहल म्हणाली आणि मला हसू फुटलं.

साडेअकराला पिंपात टॉर्च धरला तर रवा हलताना दिसला. फार नाही, मूठभर. सत्तावीस तळाशी होता. बराच वेळ काही नाही. मग त्यानं मान तिरकी केली आणि एक ठिपका गट्ट केला. श्रेणिकनं माझ्याकडे बघितलं नाही, पण त्याच्या तोंडून "खाल्लं" असं निघालं.

अंडी एकतीसवर थांबली. गुरुवारी थेंब घेतला. यंत्रानं रसाची मात्रा दाखवली, पुरेशी होती, जेमतेम. परवाची गाडी नवे किडे घेऊन आली, टाकी रिकामी करून धुतली, दगड उकळले. हंडा मी भंगारात द्यायला काढला तर स्नेहलनं तो परत आणला. म्हणाली, प्यायला चांगला आहे की, टाकीत घालू नका म्हणजे झालं.

श्रेणिक माझ्याशी पाच दिवस बोलला नाही. मीही बॅग भरली. कुरुंदवाडचं घर झाडून घ्यायला शेजारणीला सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला म्हणून हॉलमध्ये आले, तर टाकीसमोर दोन स्टुलं.

"बस की," तो म्हणाला.

बसले. चौदा नंबर एका कोपऱ्यातून निघाली. सत्तावीस दुसऱ्या कोपऱ्यात, पोटाशी एकतीस अंडी घेऊन. निघतोय की नाही, निघतोय की नाही. निघाला. दगडापाशी दोघं शेजारी आले आणि एकदम वर चढले.

"पाय," श्रेणिक हळूच म्हणाला. माझा पाय हलत होता, स्टुलाचा आवाज येत होता. मी गुडघ्यावर हात दाबून धरला.

"अक्का, त्या दिवशी मी जे बोललो," तो म्हणाला, "त्याची क्षमा..."

"मागू नको. खरं होतं ते."

मासे खाली आले, परत चढले. तेवढ्यात फोन थरथरला. महिन्याच्या तपासणीसाठी कुबलबाईंचा. हा फोन दर महिन्याला मीच घ्यायची, झडप घालून, आणि माझी किडनी मजेत आहे असं सांगायची. आताही आधी माझाच हात गेला.

"त्रिशलाताई, किडनी काय म्हणतेय?" पलीकडून आवाज आला.

"त्याची आहे," मी म्हटलं, "त्यालाच विचारा," आणि फोन श्रेणिककडे दिला.